औषधाची वाट

एप्सम हे लंडनच्या दक्षिणेकडचं एक गाव. तिथल्या कडवट पाण्यातून सतराव्या शतकात एक पांढरं मीठ मिळालं आणि पुढं कित्येक पिढ्या ते जुलाबाचं औषध म्हणून जगभर विकलं गेलं. त्याचं रासायनिक नाव मॅग्नेशियम सल्फेट. हे मीठ गिळलं तर रक्तात फारसं शिरत नाही. ते आतड्यातच राहतं, पाणी ओढून घेतं आणि पोट साफ करतं. तेच निर्जंतुक द्रावणाच्या रूपात शिरेतून किंवा स्नायूतून दिलं तर पोटाला काही होत नाही, आणि गरोदरपणात रक्तदाब चढून येणाऱ्या जीवघेण्या आकडीवर आज त्याच्या तोडीचं दुसरं औषध नाही. ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत या इंजेक्शनामुळं आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचं दिसलं.

आपल्या आरोग्य केंद्रांत या औषधाला ‘मॅगसल्फ’ म्हणतात. आकडी आलेल्या गरोदर बाईला मोठ्या रुग्णालयात हलवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम औषध खोल टोचतात. पुढचा डोस देण्याआधी सिस्टर तीन गोष्टी पाहते. गुडघ्याखाली हलका ठोका मारल्यावर पाय उडतो का, श्वास पुरेशा गतीनं चालू आहे का आणि लघवी तासाला निदान ३० मिली होते आहे का. पाय उडेनासा झाला तर पुढचा डोस थांबतो, कारण रक्तातलं मॅग्नेशियम वाढत गेलं की आधी ही प्रतिक्रिया जाते आणि मग श्वास जातो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी जवळ तयार ठेवलेली असते. जुलाबासाठी तेच मीठ पिणाऱ्या धडधाकट माणसाचा गुडघा कोणी तपासत बसत नाही.

औषध कोणतं, याइतकाच ते कोणत्या वाटेनं गेलं हा प्रश्न महत्त्वाचा आहे, असं मी म्हणतो ते यासाठी. आपल्याकडं मात्र वाटांची एक उतरंड लोकांच्या मनात पक्की बसली आहे. गोळी म्हणजे हलकं औषध, इंजेक्शन म्हणजे जोरदार आणि सलाईन म्हणजे सगळ्यांत भारी. या समजुतीपायी माणसं पैसे घालवतात आणि कधी कधी जीवही गमावतात, म्हणून तिच्याकडं नीट पाहायला हवं.

गिळलेल्या गोळीपासून सुरुवात करू. गोळी पोटात विरघळते, बहुतेक औषध लहान आतड्यात शोषलं जातं आणि तिथून यकृतद्वार शिरेनं थेट यकृतात जातं. यकृत हा शरीराचा जकातनाका आहे. आतड्यातून आलेला माल इथं थांबतो, त्यातला काही भाग कापला जातो आणि उरलेला पुढं हृदयाकडं सुटतो. डॉक्टर याला ‘फर्स्ट पास’ म्हणतात, आणि शेवटी जेवढा हिस्सा रक्तात पोचतो त्याला त्या औषधाची जैवउपलब्धता. काही औषधांची कपात नगण्य असते. काहींचं मात्र जवळजवळ सगळं इथंच संपतं.

नायट्रोग्लिसरिन हे त्यातलं ठळक उदाहरण. डायनामाइटमधला हा स्फोटक पदार्थ छातीतल्या हृदयशूलावर चालतो, हे विल्यम मरेल या लंडनच्या डॉक्टरनं १८७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल यालाही अखेरच्या दिवसांत डॉक्टरांनी हेच लिहून दिलं होतं. हे औषध गिळलं तर यकृत ते हृदयापर्यंत पोचूच देत नाही. जिभेखाली ठेवलं तर तिथल्या बारीक शिरा ते उचलतात, गळ्याच्या शिरेतून ते हृदयाकडं उतरतं आणि यकृत वाटेत येतच नाही. दोन-तीन मिनिटांत आराम पडू लागतो. घरोघरी हृदयरोग्यांच्या खिशात असते ती आयसोसॉर्बाइडची गोळी याच कुळातली. ती घाईत पाण्याबरोबर गिळणारे अनेक जण आहेत. ती गिळायची नाही. जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची आणि घेताना खाली बसायचं, कारण रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते. लैंगिक ताकदीसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेली असेल तर ही गोळी घेणं जिवावर बेतू शकतं. संकोच न बाळगता डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

गोळीच्या घडणीतही तिची वाट ठरवलेली असते. पित्तावरची पँटोप्राझोलची गोळी जठरातल्या आम्लात नासते, म्हणून तिच्यावर आतड्यात गेल्यावरच विरघळणारं आवरण चढवलेलं असतं. नावापुढं एसआर, एक्सआर किंवा सीआर अशी अक्षरं असली तर ती गोळी दिवसभर थोडं थोडं औषध सोडण्यासाठी बनवलेली आहे. आजोबांना गिळता येत नाही म्हणून अशी गोळी खलबत्त्यात कुटून मधातून दिली, तर दिवसभराचा डोस तासाभरात अंगात जातो. कुटण्याआधी डॉक्टरांना विचारलं तर बहुतेक वेळा त्याच औषधाचं पातळ रूप किंवा दुसरा पर्याय निघतो. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल घोटभर पाण्यानं घेऊन लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत चिकटते आणि तिथं जखम करते. हाडांच्या ठिसूळपणावरची ॲलेंड्रोनेटची गोळीही पेलाभर पाण्यानं घ्यायची आणि पुढं अर्धा तास ताठ बसायचं किंवा चालायचं, ते याच कारणानं.

आता सुई. पोकळ सुईनं त्वचेखाली औषध सोडण्याचा प्रयोग डब्लिनच्या फ्रान्सिस रिंड यानं १८४४ मध्ये केला. १८५३ मध्ये एडिंबरोचा अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समधल्या लिआँचा शार्ल प्रावाज यांनी आपापल्या पिचकाऱ्या वापरात आणल्या. तेव्हापासून इंजेक्शनाच्या चार खोल्या ठरत गेल्या: त्वचेच्या थरातच, त्वचेखालच्या चरबीत, स्नायूत आणि शिरेत. केसपेपरवर हे आयडी, एससी, आयएम आणि आयव्ही असं लिहिलेलं असतं.

कोणत्या थरात टोचायचं यानं किती फरक पडतो, ते कुत्र्याच्या चाव्यावरच्या लशीनं दाखवून दिलं. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ हे शब्द आठवतील. ती सेंपल लस. डेव्हिड सेंपल यानं कसौलीच्या संस्थेत १९११ मध्ये ती तयार केली. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ही लस मोठ्या मात्रेत लागत असे, म्हणून पोटाच्या कातडीखाली टोचत, आणि तिच्यामुळं क्वचित लकवाही येई. २००४ च्या अखेरीस भारतानं ती बंद केली. नवी पेशीसंवर्धित लस सुरक्षित होती, पण महाग होती आणि स्नायूत देताना प्रत्येक खेपेला पूर्ण कुपी खर्ची पडे. २००६ मध्ये भारतानं तीच लस त्वचेच्या थरात देण्याला मान्यता दिली. त्वचेत रोगप्रतिकारक पेशी दाटीनं असतात, त्यामुळं ०.१ मिली एवढासा थेंब पुरतो. दोन्ही दंडांवर एकेक, पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. चार खेपा मिळून ०.८ मिली. एक मिलीच्या एका कुपीत एका दिवशी पाच जणांचं काम भागू शकतं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी ही लस त्यामुळंच अधिक लोकांना पुरते.

हे टोचणं हातखंड्याचं काम आहे. सुई कातडीला जवळजवळ समांतर धरायची, टोक जेमतेम आत सरकवायचं आणि औषध सोडताना त्वचेवर फिकट फुगवटा उठताना दिसला पाहिजे. फुगवटा उठला नाही तर औषध खोल गेलं; मग शेजारी पुन्हा टोचावं लागतं. स्नायूतून लस द्यायची असेल तर मोठ्यांना दंडात आणि लहानग्यांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. कुल्ल्यावर मुळीच नाही, कारण तिथल्या चरबीत ती अडकते आणि संरक्षण अपुरं पडतं. चावा खोल असेल, रक्त आलं असेल, तर तयार प्रतिपिंडांचं औषध जखमेतच आणि तिच्या भोवती भरलं जातं. विषाणू जिथं शिरला तिथंच त्याला गाठायचं असतं. जखम साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुणं मात्र या सगळ्याच्या आधी, आणि घरीच.

सुई आली की तिचे धोकेही आलेच. २००४ च्या देशव्यापी पाहणीत भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शनं दिली जात असल्याचा अंदाज निघाला, आणि त्यातली साठ टक्क्यांहून अधिक असुरक्षित होती. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा परिसरात वापरलेल्याच सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळं हिपॅटायटिस-बीची साथ आली आणि अनेकांचा जीव गेला. सर्दी-तापासाठी हौसेनं घेतलेलं इंजेक्शन निरुपद्रवी नसतं. गरज असेल तेव्हा जरूर घ्यावं, पण सिरिंजचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं. हा आगाऊपणा होत नाही.

सलाईनबद्दल तर सविस्तर बोलायलाच हवं. अशक्तपणा वाटला की ‘डॉक्टर, एक बाटली लावा’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. त्या बाटलीत काय असतं? अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, दुसरं काहीही नाही. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली असेल तर अर्ध्या लिटरात २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाच-सहा चमचे साखर आणि शंभरच्या आतच कॅलरी. एवढ्या कॅलरी एका केळ्यातून मिळतात. जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिसळून बाटली पिवळी केली की ती ‘ताकदीची सलाईन’ होते आणि तिचे काहीशे रुपये मोजले जातात. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाच्या अंगात नको असलेलं पाणी घुसवलं तर फुप्फुसात पाणी साचून श्वास लागतो. शिरेला सूज येणं, जंतू जाणं हे वेगळंच.

सलाईनचा खरा मान मोठा आहे, हेही सांगायला हवं. १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत स्कॉटलंडमधल्या लीथचा डॉक्टर थॉमस लॅटा यानं निपचित पडलेल्या रोग्यांच्या शिरेत मीठ-पाणी सोडलं आणि डोळे खोल गेलेली, नाडी न लागणारी माणसं काही मिनिटांत बोलू लागली. रक्तस्राव, भाजणं, जंतुसंसर्गानं रक्तदाब कोसळणं, सतत उलट्या, बेशुद्धी या अवस्थांत शिरेची वाट जीव वाचवते, कारण औषध किंवा पाणी त्याच क्षणी रक्तात असतं. पण म्हणूनच तिथं चूक झाली तर परत घेता येत नाही. गिळलेली गोळी ओकून काढता येते किंवा तिचं शोषण रोखता येतं. शिरेत गेलेलं औषध गेलेलंच असतं.

आणि कॉलऱ्यावरचा सगळ्यात मोठा विजय शेवटी तोंडाच्याच वाटेनं मिळाला. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधलं बनगाव भरून गेलं होतं. कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपल्या, रुग्णालयाच्या जमिनीवर माणसं मरत होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बनवून घेतल्या, मोठमोठ्या पिंपांत पाणी कालवलं आणि नातेवाइकांना सांगितलं, पेल्या-पेल्यानं पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेताना त्याच्यासोबत मिठातलं सोडियमही ओढतात आणि पाठोपाठ पाणी जातं, हे रॉबर्ट क्रेन यानं १९६० मध्येच मांडलं होतं. कॉलऱ्यानं आतड्याची हीच वाट शाबूत ठेवलेली असते. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला विचाराल तर हा सन्मान पन्नास वर्षं उशिरा आला.

महाराष्ट्रातलंही एक उदाहरण याच तोडीचं आहे. कोकणात लाल विंचू चावल्यावर रक्तदाब भडकून, फुप्फुसात पाणी होऊन धडधाकट माणसं आणि लहान मुलं दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांचा पिच्छा पुरवला. आधी त्यांनी रक्तदाब उतरवणारं औषध शिरेतून दिलं. ते चालायचं, पण रोग्यापाशी रात्रंदिवस बसावं लागे, आणि हे प्रत्येक खेड्यात कसं जमणार? मग त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचं काम छापलं. गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. पुढं प्रतिविषाचं इंजेक्शनही जोडीला आलं, पण कोकणातल्या आडगावच्या दवाखान्यात आधी हाताशी आली ती गोळीच.

श्वासाची वाट आपल्याकडं नाहक बदनाम आहे. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून दम्याच्या मुलाला पंप न देता गोळ्या देणारी घरं शहरातही सापडतात. हिशेब करून पाहा. साल्ब्युटामोलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅमची. पंपाचा एक झोत १०० मायक्रोग्रॅमचा. दोन झोत मारले तरी गोळीच्या विसाव्या हिश्शाएवढं औषध, आणि तेही थेट श्वासनलिकेत. गोळीचं औषध मात्र आधी सगळ्या रक्तात मिसळतं, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते, आणि फुप्फुसात पोचायला वेळ लागतो तो वेगळाच. सवयीची भीती बाळगायची तर पंपापेक्षा वारंवार घेतल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्यांची बाळगावी. पंप नीट ओढता यायला हवा, एवढं खरं. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश आत ओढता ओढता दाबायचा आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. मुलांना आणि वयस्करांना हा मेळ साधत नाही. त्यांच्यासाठी स्पेसरची नळी असते. स्टिरॉइडच्या पंपानंतर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात.

बाकीच्या वाटा थोडक्यात. आकडीत दातखीळ बसलेल्या मुलाला काहीही पाजता येत नाही. अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात मोलाची मिनिटं जातात. मुलाला कुशीवर वळवावं आणि डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेला असेल तर मिडॅझोलामचा फवारा नाकात मारावा; नाकाच्या आतल्या अस्तरातून ते काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचतं. उलट्या थांबत नसलेल्या बाळाला तापाची बत्ती गुदद्वारातून देतात. कातडीवर चिकटवायच्या पट्ट्या १९७९ पासून वापरात आहेत. वेदनेच्या पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, उष्णतेनं औषध भराभर सुटतं. डोळ्यांचे थेंब मात्र वाटतात तेवढे स्थानिक नसतात. काचबिंदूवरचं टिमोलॉल डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या नळीतून नाकात उतरतं, तिथून यकृताला वळसा घालून रक्तात जातं आणि दमेकऱ्याला धाप लावू शकतं. एकच थेंब टाकावा आणि डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धरावा.

वाट चुकली तर काय होतं, त्याचं सर्वांत भयंकर उदाहरण अंगणातल्या सदाफुलीशी जोडलेलं आहे. तिच्यापासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन रक्ताच्या कर्करोगावर शिरेतून देतात आणि त्यानं असंख्य मुलं वाचली आहेत. त्याच उपचारात मेथोट्रेक्सेट मणक्यातल्या पाण्यात द्यावं लागतं. जगात अनेक ठिकाणी या दोन सिरिंजांची अदलाबदल झाली. मणक्यात गेलेलं व्हिन्क्रिस्टिन जवळजवळ नेहमी जीव घेतं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं इशारा दिला: व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, सलाईनच्या छोट्या पिशवीत मिसळा. पिशवी मणक्याला लावायचं कोणाच्याही मनात येणार नाही. माणसाच्या सावधगिरीवर विसंबण्यापेक्षा चूक करणंच अशक्य करून ठेवायचं, हा उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो.

आपल्या हाती येते ती चिठ्ठी. पीओ म्हणजे तोंडानं, एसएल म्हणजे जिभेखाली, पीआर म्हणजे गुदद्वारातून. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच, स्टॅट म्हणजे ताबडतोब. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. पण ओडीचा अर्थ डोळ्यांच्या चिठ्ठीवर उजवा डोळा असा होतो. म्हणून आपल्याकडची १-०-१ ही सकाळ-दुपार-रात्रीची पद्धत मला जास्त पसंत आहे. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात. रोज घेऊन लोक मेले आहेत. अशा औषधाचा वार चिठ्ठीवर मराठीत लिहून मागावा. बाळाच्या तापाच्या औषधात तर दोन रूपं असतात. बहुतेक ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, सिरपमध्ये एका मिलीत साधारण २५. ड्रॉप्सची बाटली हातात असताना सिरपच्या हिशेबानं पाच मिली पाजलं तर चौपट डोस जातो.

आणि इन्सुलिन. ते प्रथिन असल्यामुळं गिळलं तर पचून जातं, म्हणून त्वचेखाली टोचतात. भारतात त्याच्या कुप्या दोन ताकदींच्या मिळतात: एका मिलीत ४० युनिटं किंवा १०० युनिटं. सिरिंजाही तशाच वेगळ्या, चाळिसाची लाल टोपणाची आणि शंभराची नारिंगी टोपणाची. शंभराचं इन्सुलिन चाळिसाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात ५० युनिटं जातात आणि साखर उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट अदलाबदल झाली तर २० च्या जागी ८ च जातात आणि साखर चढतच राहते. तुमच्या घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर आजच कुपी आणि सिरिंज शेजारी ठेवून दोन्हींवरचे आकडे जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.